मराठीत ‘नाही’ कसे म्हणावे?

गेल्या संक्रांतीला भोपाळातील आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी गुळाच्या पोळ्या खावयास बोलाविले होते. कुटुंब मूळचे नागपूरचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी ठरली आणि नागपूरच्या सरकारी दप्तरांच्या पाठोपाठ जी मराठी बिऱ्हाडे इकडे येऊन स्थिरावली, त्यांतलेच हे एक. यजमान तेव्हा शाळकरी होते. आता नातवंडे कर्तीसवरती झाली. अंगणात तुळस आहे, देव्हाऱ्यात बोडणाची अन्नपूर्णा आहे आणि चार माणसे पानावर बसली की अजून मराठीच चालते. अशा घरी जेवताना आपण कोणत्या प्रांतात आहोत याचा घटकाभर विसर पडतो.

जेवण अर्ध्यावर आले असता यजमानांनी नातीच्या लग्नाचा विषय काढला. इंदूरचे स्थळ सांगून आले होते. नात पंचवीस वर्षांची. कायद्याची पदवी घेऊन जबलपूरला एका वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करते. सणापुरती घरी आली होती. तोपर्यंत “आजोबा, तूप वाढू का?”, “काका, अर्धी पोळी तरी घ्याच” असे तिचे गोड मराठी आम्ही ऐकत होतो. स्थळाची गोष्ट निघताच तिने तुपाची वाटी खाली ठेविली आणि शांत स्वरात म्हणाली, “आजोबा, मैं अभी शादी नहीं करूँगी।” पुढची सारी कारणेही तिने हिंदीतूनच सांगितली, आणि वकिलाला शोभेल अशी मुद्देसूद सांगितली. आजोबा गप्प झाले. आजी उठून आत गेल्या.

निघताना आजी दारापर्यंत पोचवावयास आल्या. आम्ही काही विचारण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, “ती नाही म्हणाली याचं मला एवढं वाटलं नाही हो. पण दारावर आलेल्या परक्या माणसाला सांगावं, तसं तिनं मला हिंदीत सांगितलं.”

दुसऱ्या दिवशी मुलगी आमच्याकडे पुस्तके चाळावयास आली, तेव्हा आम्ही तिला सरळच विचारले. ती हसली, मग थोडा विचार करून म्हणाली, “काका, मराठीत तसं बोललं की उद्धट वाटतं. मराठीत मी वाढते, नमस्कार करते, आजीला औषधाची आठवण करते. भांडायचं झालं की हिंदी, आणि कोर्टात इंग्रजी. आजीशी भांडायला मराठी शब्दच नाहीत माझ्याकडे.”

हे उत्तर आम्हांस रात्रभर पुरले. महाराष्ट्राबाहेर आपली भाषा टिकली ती बायकांनी टिकविली, असे आपण स्नेहसंमेलनांतून अभिमानाने म्हणतो, आणि ते खरेही आहे. पुरुष कचेरीत व बाजारात हिंदी बोलले. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, ओव्यांत, आरतीत, बाळंतिणीच्या खोलीत. परंतु जी भाषा केवळ वाढण्यापुरती आणि वाकण्यापुरती उरते, ती शिकलेल्या मुलीच्या कोणत्या कामाची? तिच्या मनातली खरी गोष्ट सांगण्याची वेळ आली की ती दुसऱ्या भाषेच्या दारी जाणार. तिथे तिला कोणी आईबापांची लेक म्हणून जोखीत नाही.

शिवाय आपल्या बोलीनेही तिला काही कमी धाक घातलेला नाही. जी स्त्री आपले म्हणणे मांडते तिच्यासाठी आपल्याकडे विशेषणांचे भांडार आहे: तोंडाळ, फटकळ, कजाग, भांडकुदळ. पुरुष तेच बोलला तर तो स्पष्टवक्ता. सुनेने ‘उलटून बोलू नये’, मुलीने ‘तोंड वर करून बोलू नये’, आणि फार झाले तर ‘ब्र काढू नये’. बायकोने ‘अहो’ म्हणावे आणि नवऱ्याने ‘अगं’ म्हणावे, हा भेद इतका अंगवळणी पडला आहे की तो भेद आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. तेव्हा मराठीत नकार उद्धट वाटतो, हे त्या मुलीचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते.

मायबोली एक आणि शिकलेल्या मुलीच्या विचाराची भाषा दुसरी, ही अडचण केवळ आपल्या घरांची नाही. आफ्रिकेतील लेखिकांनी आपल्या कादंबऱ्यांतून तिच्याकडे फार बारकाईने पाहिले आहे. झिम्बाब्वेच्या त्सित्सी दांगारेम्बगा यांची ‘नर्व्हस कंडिशन्स’ ही कादंबरी १९८८ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. तीत तांबू नावाची खेड्यातील मुलगी आहे आणि न्याशा ही तिची चुलत बहीण. न्याशा काही वर्षे आईवडिलांबरोबर इंग्लंडात राहून परतते, तेव्हा घरची शोना भाषा तिच्या जिभेवरून गेलेली असते. कधी एकदा बहीण भेटते असे झालेली तांबू हिरमुसते. दोघींत एक भिंत उभी राहते. न्याशा बापाशी वाद घालते, पटत नाही ते पटत नाही म्हणते, आणि त्याची किंमत तिचे मन व शरीर मोजते. शाळा मुलीला मोकळी करते, पण घरापासून तोडते. घर तिला माया देते, पण गप्प बसविते. या दोहोंमध्ये मुलीने उभे तरी कोठे राहावे?

सेनेगलच्या मारियामा बा यांची १९७९ सालची कादंबरी तर भोपाळच्या वाचकांना शेजारच्या गल्लीतली वाटावी. ‘एवढे दीर्घ पत्र’ अशा अर्थाचे तिचे नाव. रामातुलाय ही शिक्षिका विधवा होते आणि इद्दतीच्या चार महिने दहा दिवसांत घरी बसून आपल्या मैत्रिणीला पत्र लिहिते; ते पत्र म्हणजेच कादंबरी. इद्दत म्हणजे काय, हे जुन्या शहरातील शेजाराने आपल्याला शिकविले आहे. ते निराळे सांगावयास नको. नवऱ्याने मुलीच्या मैत्रिणीशी दुसरा निकाह लावला तेव्हाही घर न सोडणारी ही बाई, तो गेल्यावर दीर लग्नाचा हक्क सांगत येतो तेव्हा मात्र सर्वांदेखत बोलते. संसाराच्या तीस वर्षांत गिळलेले सारे ती एका बैठकीत बाहेर काढते आणि त्याला नाकारते. ही कादंबरी फ्रेंचमध्ये लिहिली गेली, कारण लेखिकेचे शिक्षण फ्रेंचमध्ये झाले होते. पण त्या घरात ते बोलणे वोलोफ भाषेतच झाले असणार, असे वाचताना सारखे वाटत राहते. पुढे या कादंबरीचा वोलोफ अनुवाद झाला, तेव्हा ते शब्द जणू आपल्या घरी परत आले.

नायजेरियाच्या बुची एमेचेटा यांची मातृभाषा इग्बो. त्या इंग्रजीत लिहीत. त्यांच्या १९७४ च्या ‘सेकंड क्लास सिटिझन’मध्ये नायिकेने कष्टाने लिहिलेले हस्तलिखित तिचा नवराच जाळून टाकतो. यांतील बहुतेकींची कहाणी अशी, की शाळेने दिलेली भाषा राज्यकर्त्यांची होती. आजीने वाचावे म्हणून लिहावे, तर आजीला ती भाषा येत नव्हती.

येथेच आपले नशीब थोर आहे, आणि त्याची आपल्याला जाणीव नाही. मराठी बायकांनी आपला नकार पहिल्यापासून मराठीतच लिहिला. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. ती कादंबरी नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने बायकांवर जे तोंडसुख घेतले गेले, त्याला दिलेले ते उत्तर आहे. पण तिची भाषा पाहावी. ती पुण्याच्या पंडितांची भाषा नाही. विहिरीवर आणि ओसरीवर बायका जशा तावातावाने बोलतात, म्हणींनी आणि टोमण्यांनी भरलेली, समोरच्याला उभे-आडवे घेणारी अशी ती आहे. जोतीराव फुले यांनी या पुस्तकाची बाजू घेतली. मग ते विस्मरणात गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. आमच्या मुलींना आपल्या नागपुरी-वऱ्हाडी वळणाच्या, हिंदीने माखलेल्या मराठीची लाज वाटते; पुण्याचे पाहुणे आले की त्या बोलण्यास कचरतात. त्यांना कोणीतरी सांगावयास हवे, की मराठी स्त्रीचा पहिला सडेतोड नकार वऱ्हाडातूनच आला.

मग काशीबाई कानिटकर आल्या. लग्नानंतर त्या वाचावयास शिकल्या, तेही घरच्या वडीलधाऱ्यांचा डोळा चुकवून, आणि त्याच बाईंनी ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने निघाला आणि ही विभावरी कोण, या प्रश्नाने महाराष्ट्रात वादळ उठले. शिकलेल्या, कमावत्या, पण लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनात काय चालते, हे तोवर असे कोणी उघड लिहिले नव्हते. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. दुसऱ्याच वर्षी त्यांची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. नवऱ्यापासून दुरावलेली नायिका तीत नव्या सहजीवनाचा आणि मातृत्वाचा हक्क मागते. हिंदू विवाह कायदा येण्यास तेव्हा एकवीस वर्षे अवकाश होता. जी गोष्ट कायद्याच्या भाषेत नव्हती, ती या बाईंनी आधी कादंबरीच्या भाषेत आणली. खरे नाव झाकावे लागले, पण भाषा बदलावी लागली नाही. पुढे १९५० साली ‘बळी’मध्ये त्यांनी सोलापूरच्या वसाहतीत काटेरी तारेआड ठेवलेल्या, ‘गुन्हेगार’ म्हणून शिक्का मारलेल्या जमातींचे जीवन मांडले. स्वतःचे दुःख बोलावयास शिकलेली लेखणी दुसऱ्याच्या दुःखाकडे वळली.

आम्हां बाहेरच्या मराठी लोकांना गीता साने यांचे विशेष अगत्य वाटावयास हवे. १९०७ साली वऱ्हाडात जन्मलेल्या या बाई लग्नानंतर धनबादला राहिल्या. म्हणजे त्या आपल्यासारख्याच परमुलखातल्या मराठी गृहिणी. १९३६ मध्ये त्यांची ‘निखळलेली हिरकणी’ प्रसिद्ध झाली. विवाहसंस्थेतील बाईच्या जागेविषयी इतके रोखठोक प्रश्न विचारणारे लेखन आजही विरळाच. याच गीताबाईंनी आपल्या मध्य प्रदेशातील चंबळेच्या खोऱ्यावर ‘चंबळची दस्युभूमी’ हे पुस्तक लिहिले. महाराष्ट्रापासून दूर राहिले म्हणून मराठीतला विचार बोथट होतो असे नाही, याचा हा धडधडीत पुरावा.

गौरी देशपांडे यांचे उदाहरण तर आमच्या वकीलबाईंना नेमके लागू पडावे असे. महर्षी कर्व्यांची ही नात, इरावतीबाईंची कन्या, आधी इंग्रजीत कविता लिहीत असे. इंग्रजी त्यांना परकी नव्हती. जगभर त्या हिंडल्या. तरी कथा-कादंबरी लिहावयाची ठरली तेव्हा त्या मराठीकडे वळल्या. १९८० च्या ‘एकेक पान गळावया’ या पुस्तकात ‘कारावासातून पत्रे’ ही दीर्घकथा आहे. मारियामा बा यांची नायिका डाकारला बसून पत्र लिहिते आणि गौरीबाईंची नायिकाही पत्रेच लिहिते. दोन खंडांतल्या दोन लेखिकांनी जवळजवळ एकाच सुमारास पत्राचा आश्रय घ्यावा, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. समोरासमोर जे बोलवत नाही ते बाई पत्रात बोलते. गौरीबाईंच्या नायिका प्रेम, शरीर, संसार, कंटाळा, यांविषयी चांगल्या सुशिक्षित घरातल्या मराठीत बोलतात. आवाज चढवीत नाहीत आणि मागेही हटत नाहीत. उद्धट न होता नाही म्हणणारी मराठी कशी असते, हे ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांनी ती ऐकावी.

ही मराठी एकट्या पांढरपेशा बायकांनी घडविली असे मात्र कोणी समजू नये. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ घरच्यांपासून लपवून लिहिले आणि कित्येक वर्षे ते कोणाच्या हाती लागू दिले नाही. १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये कोकणातील बोली ताठ मानेने वावरते. ही दोन्ही आत्मकथने. बाई म्हणून सोसलेले आणि जात म्हणून सोसलेले, असे दुहेरी ओझे त्यांत आहे. आपल्या दिवाणखान्यातील ‘शुद्ध’ मराठीला ते पेलले नसते. आणि २००५ साली कविता महाजन यांनी आदिवासी भागातील निवडून आलेल्या स्त्रियांवर कादंबरी लिहिली, तिचे नावच ठेविले ‘ब्र’. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बायकांना पंचायतीत खुर्ची दिली. पण खुर्चीवर बसून ब्र काढता येतो का, हा प्रश्न या कादंबरीने विचारला. ज्या शब्दाने बायकांना गप्प बसविले, तोच शब्द मुखपृष्ठावर आला.

आमचे भोपाळही बायकांच्या लेखणीला नवखे नाही. १८१९ ते १९२६ या काळात मधली काही वर्षे सोडली तर येथे चार बेगमांनी राज्य केले. त्यांपैकी शाहजहान बेगमांनी स्त्रियांसाठी ‘तहज़ीब-उन-निस्वाँ’ हा ग्रंथ लिहिला, तो उर्दूत. फारसीची प्रतिष्ठा मोठी होती, तरी घरातल्या बायकांना कळेल ती भाषा त्यांनी निवडली. आणि आपल्या मालती जोशी! १९३४ साली औरंगाबादेत मराठी घरात जन्मल्या, इंदुरात शिकल्या, भोपाळात राहिल्या, हिंदीतील घरोघरच्या लाडक्या कथालेखिका झाल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांनी मुख्यतः हिंदीत लिहिले, पण मराठीतही लिहिले. म्हणून आमच्या मुली हिंदीत बोलतात याचा आम्ही विषाद मानीत नाही. दोन्ही दारे उघडी असता एक निवडणे निराळे, आणि एक दार कोणी दाखविलेच नाही म्हणून दुसऱ्याने जाणे निराळे.

ते दार दाखवावे, एवढ्याच हेतूने आम्ही त्या मुलीला तीन पुस्तके दिली: ताराबाई, विभावरी आणि गौरी. सोबत व्याकरणातील एक गंमत सांगितली. “तू हिंदीत ‘नहीं करूँगी’ म्हणालीस, तेव्हा क्रियापदाच्या शेपटानेच सांगून टाकलेस की बोलणारी मुलगी आहे. मराठीत ‘मी करते’ आणि ‘मी करतो’ हा भेद आहे. पण ‘मी करणार नाही’ म्हण. त्यात बाई-पुरुष कोठे दिसतो का, पाहा. तुझ्या भावाने म्हटले असते तर हेच वाक्य, काना-मात्रेचा फरक नाही. ‘मला पटत नाही’ म्हटलेस तरी तेच. आपल्या भाषेतला नकार मुलीला आणि मुलाला सारखाच दिलेला आहे. उद्धटपणा वाक्यात नाही, ऐकणाऱ्याच्या सवयीत आहे.” ती काही बोलली नाही, पुस्तके मात्र पिशवीत घातली.

होळीच्या सुमारास आजींची पुन्हा गाठ पडली. मुलगी सुटीत येऊन गेली होती. इंदूरच्या स्थळाचा विषय पुन्हा निघाला आणि या वेळी ती आजीच्या शेजारी बसून मराठीत म्हणाली, “आजी, मी आत्ता लग्न करणार नाही. मला आधी माझं काम उभं करायचं आहे.” शब्द अडखळत आले, मध्ये दोन हिंदी शब्दही आले. आजी चिडल्या. वय निघून जाते, चांगली स्थळे थांबत नाहीत, हे सारे त्यांनी सांगितले. तिनेही प्रत्येकाला उत्तर दिले. “तासभर भांडलो आम्ही,” आजी म्हणाल्या. मग थोडे थांबून, आवाज खाली घेऊन त्यांनी सांगितले, “मलाही बी.ए. पुरं करायचं होतं हो. शेवटचं वर्ष राहिलं होतं. वडिलांना सांगायला वाक्यच सुचलं नाही तेव्हा. हे मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. हिंदीत बोलली असती तर कदाचित सांगितलं नसतं.”

लग्नाचे अजून काही ठरलेले नाही. आजींचे मत बदललेले नाही, नातीचेही नाही. दूरध्वनीवर दर रविवारी वाद चालू आहे आणि तो मराठीत चालू आहे. आम्हांस यात घराचे आणि भाषेचे दोहोंचे कुशल दिसते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपल्या भगिनी दरवर्षी वाण लुटतात: डबी, गाळणी, प्लॅस्टिकची टोपली. येत्या संक्रांतीला ज्या घरी लग्नाची किंवा शिक्षणाची मुलगी आहे, त्या घरी वाण म्हणून यांतले एखादे पुस्तक द्यावे, अशी आमची विनंती आहे. मुलीने ते वाचावे, आणि जमल्यास आजीला मोठ्याने वाचून दाखवावे. पुढे दोघींचे भांडण झाले, तर निदान ते एका भाषेत होईल.